आकडा

झायावोरला वीज आली ती बावन्न सालच्या मार्चमध्ये,
बर्फ वितळायच्या आधी,
म्हणून खांबांसाठी जमीन पहारीनं फोडावी लागली.
तेव्हापासून मी दर महिन्याला हा डोंगर चढतो,
खिशात वही, कानामागे पेन्सिल.
एकतीस घरं, एक गिरणी, एक चर्च,
आणि पार वर सरकारी हॉटेल,
ज्याचं मीटर माझ्याएवढं उंच आहे.
माझी वाट कुणी बघत नाही.
कुत्री बघतात.

नेझा सोद्याच्या घरी पहिली तीन वर्षं
चकती फिरलीच नाही.
दिवा होता, चुलीच्या वर,
काचेवर धूर बसलेला, माश्यांनी ठिपके दिलेले.
मी विचारलं, पेटवत का नाहीस?
म्हणाली, कशाला, सगळं जिथल्या तिथे आहे.
मी शून्य लिहिलं.

तिचे दोन मुलगे.
एकाचं नाव शाळेसमोरच्या दगडावर कोरलंय,
पहिल्या ओळीत, सोनेरी रंग भरून.
दुसऱ्याला त्यांनी त्यांचा गणवेश चढवून नेलं.
त्याच्याबद्दल विचारायचं नसतं
एवढं मीटर वाचणाऱ्यालाही कळतं.

फेब्रुवारीत हॉटेल भरतं.
वरच्या मोटारी सुरू झाल्या की
गावातले दिवे तांबूस होतात, विझू विझू करतात,
बायका ताट वाढता वाढता थांबतात.
एका वर्षी गिरणीवाल्या लोव्रेन्त्सच्या पोरानं
हॉटेलच्या तारेवर आकडा टाकला.
मी पाहिला. त्यानंही मला पाहिलं.
माझ्या वहीत आकडे लिहायला रकाने आहेत,
आकड्याला नाही.

मग इंजिनियर ओझ्बोल्ट आला,
लाल फडकी बांधलेल्या खुंट्या घेऊन.
रोपवेचा तिसरा मनोरा
नेमका नेझाच्या गवताच्या रानात.
कामगारांनी दीड मीटर खणलं
आणि लोखंड लागलं.
गंजलेली कप्पी, वेटोळं तार,
मुठीएवढा एक आकडा.
या लढाईतला नव्हे, आधीच्या.
नेझा कुंपणापाशी उभी होती, विळा हातात.
म्हणाली, सासरे सांगायचे,
इथून वर तोफगोळे जायचे
आणि खाली माणसं यायची.
वजन साधारण सारखंच.

ओझ्बोल्टनं नकाशा उलटासुलटा करून पाहिला.
जागा बरोबर निवडली होती त्यांनी, म्हणाला,
आणि तिथेच काँक्रीट ओतलं.

जमिनीचे पैसे तिनं मोजून घेतले,
वर एक फेरी मागितली. फुकट.
मी सोबत होतो, मला वरचं मीटर वाचायचं होतं.
पाळण्यात आठ पाहुणे, म्युनिकचे,
लोकरीच्या टोप्या, गुडघ्यांत स्की धरलेल्या,
आणि त्यांच्यात नेझा, चर्चचा काळा रुमाल बांधून.
एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं,
बाई, इथं हिवाळा फार कडक असतो का?
नेझाला जर्मन येते.
त्या चार वर्षांत आली, न येऊन चाललं नसतं.
ती काचेबाहेर बघत राहिली.

तिसऱ्या मनोऱ्यावर पाळणा हिसकला.
पाहुणे ओरडले, मग हसले,
मग सगळे शिखराकडे वळले, कॅमेरे काढून.
नेझा खाली वाकली. कपाळ काचेला.

ते बघ, ती मला म्हणाली,
धुराड्याच्या डाव्या अंगाला
दोन फळकुटं नाहीत.
तीस वर्षं तिथनं गळतंय
आणि मी मेली
बादली उजवीकडे ठेवत्येय.

वर पोचल्यावर ती उतरली नाही.
त्याच पाळण्यानं परत गेली.

पुढच्या महिन्यात तिच्या मीटरवर
चार युनिटं.
मी बाहीनं काच पुसून पुन्हा पाहिलं.
दिवा चुलीवर नव्हता,
लांब वायरीनं माळ्यावर नेला होता,
शिडी तशीच टेकलेली,
खाली भुसा आणि वाकलेले खिळे.
दिवसा गवत असतं, ती म्हणाली,
जशी काही मीच तक्रार केली होती.

मी चार लिहिलं.
पावती दे, म्हणाली.
आजवर कुणी मागितली नव्हती,
पुस्तक शोधायला मला
सगळी पिशवी उपसावी लागली.